गोठ्यापर्यंतची वायर आणि माझी चूक



आजची नोंद पिकाची नाही, वायरची आहे. वायरमनचं काम, आपला काय संबंध, असं म्हणून पुढे जाऊ नका. मीही चार वर्षं तेच म्हणत होतो. त्यापायी नऊ गाई आणि दोन कालवडी जायच्या राहिल्या. चूक माझीच होती, म्हणून लिहितोय.

आमचं ट्रॅक्टर शेड आणि गोठा एकाच पत्र्याखाली आहे. घरापासून थोडं लांब, बांधाच्या कडेला. शेड बांधलं तेव्हा दोन गाई होत्या. दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल चार्जिंगला एक प्लग, एवढीच गरज. घरच्या बोर्डातून दीडची वायर काढली, बांबूवरून टाकली, काम झालं. त्या लोडला ती वायर ठीक होती.

मग गाई वाढल्या. कोयत्याने कुट्टी होईना, म्हणून सिंगल फेजचं दोन एचपी कुट्टी मशीन आलं. पुढच्या वर्षी एक एचपीचं दूध काढायचं मशीन आलं. मशीन घेताना किंमत विचारली, गॅरंटी विचारली, तासाला किती चारा कापतं तेही विचारलं. आपली वायर हे ओढेल का, एवढं मात्र कोणाला विचारलं नाही. दुकानदारानंही नाही, मीही नाही.

त्रास पहिल्या महिन्यापासूनच होता. सकाळी मशीन चालू व्हायचं. संध्याकाळी गावात व्होल्टेज उतरलं की मोटर नुसती घूं घूं करायची, चाक फिरायचं नाही. मग आण्णा पट्ट्याला हाताने झटका द्यायचे. (हे कधी करू नका. बोटं जातात.) वर्षात दोनदा मोटर जळाली, दोनदा रिवाइंडिंग केलं. मी मशीनला शिव्या घातल्या, रिवाइंडिंगवाल्याला बोललो. आणि घरातली १६ अँपिअरची एमसीबी सारखी पडायची. कुट्टीच्या ऐन वेळी घरातली लाइट जायची, की स्वयंपाकघरातून आवाज यायचा.

मग मी शहाणपणा केला. बाजारातून ३२ अँपिअरची एमसीबी आणली आणि स्वतःच्या हाताने १६ ची काढून ती बसवली. एमसीबी पडायची बंद झाली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी धारेची वेळ. मोटर घूं घूं करत होती, आण्णा पट्ट्याशी झटत होते. घरची गाईंना खुराक टाकत होती. तिला जळका वास आला. वर बघितलं तर वायर शेडमध्ये शिरते तिथे, पत्र्याच्या कडेला, टेप गुंडाळलेल्या जॉइंटमधून ठिणग्या पडत होत्या. खाली कडब्याच्या पेंढ्या. दोन पेंढ्यांनी धूर धरलेला. आण्णांनी हौदातली बादली उचलली. तिने त्यांचा हात धरला. “आण्णा, पाणी टाकू नका, आधी मेन पाडू द्या!” पण मेन कुठे? घरात. शेडमध्ये बंद करायला एकही स्विच नव्हता. तिने तिथूनच आमच्या थोरलीला हाक मारली. पोरगी घरात अभ्यासाला बसली होती, तिने ऐकलं आणि धावत जाऊन मेन पाडला. मग पाणी मारलं, पेंढ्या बाहेर ओढल्या. दहा मिनिटांत सगळं शांत झालं. गाई दाव्याला हिसके देत होत्या. त्या दिवशी पोरगी शिकवणीला गेली असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

मी तेव्हा सोसायटीत होतो. आलो तोवर सगळे गप्प बसले होते.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक वायरमन काका आले. एमसीबी बघितली, वायर बघितली आणि मला विचारलं, “ही कोणी बदलली?” मी म्हणालो, मीच. ते म्हणाले, “अरे, एमसीबी मशीनसाठी नसते. ती वायर वाचवायला असते. सोळाची पडत होती म्हणजे ती तुला सांगत होती, की वायर दमली. तू सांगणाऱ्याचंच तोंड दाबलंस.”

मग त्यांनी ओट्यावर बसून पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. तोच तुम्हाला सांगतो.

पाइपलाइनसारखंच आहे

विहिरीवरून लांबच्या रानात पाणी न्यायचं असेल तर दीड इंची पाइप टाकतो का आपण? नाही. पाणी पोचतं, पण प्रेशर मरतं. वायरीचं तसंच. व्होल्टेज म्हणजे प्रेशर, अँपिअर म्हणजे वाहतं पाणी आणि वायरीची जाडी म्हणजे पाइप. वायर जेवढी लांब, जेवढी बारीक आणि जेवढे अँपिअर जास्त, तेवढं व्होल्टेज वाटेतच मरतं. मेलेलं व्होल्टेज कुठे जातं? वायर तापवण्यात.

दुकानात आपण ‘दीडची’, ‘अडीचची’, ‘चारची’ वायर म्हणतो. हा आकडा तारेच्या व्यासाचा नाही, तिच्या कापाच्या क्षेत्रफळाचा आहे, चौरस मिलिमीटरमध्ये. जुने लोक ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ म्हणतात, ते तारांची संख्या आणि गेज. घोटाळा नको असेल तर चौरस मिलिमीटरमध्येच मागा आणि वायरवर छापलेलं वाचून घ्या.

सिंगल फेजसाठी काकांनी सांगितलेला सोपा हिशेब असा. यात जायची-यायची दोन्ही तार धरलेली आहे आणि वायर थोडी तापलेली धरली आहे:

तांबं: (अंतर मीटरमध्ये × अँपिअर) भागिले (२५ × वायरीचा चौ. मिमी)

ॲल्युमिनियम: (अंतर × अँपिअर) भागिले (१५ × चौ. मिमी)

उत्तर येतं ते वाटेत मरणारं व्होल्टेज. २३० वर ते ७ व्होल्टपर्यंत म्हणजे साधारण ३ टक्के असेल तर छान. ११-१२ व्होल्ट म्हणजे ५ टक्के, ही शेवटची हद्द. त्यापुढे जाऊ नये.

माझा हिशेब

आधी अंतर. मी म्हणालो, साठ-पासष्ट मीटर असेल. काकांनी टेप धरायला लावला. सरळ रेषेत ६८ मीटर भरलं, पण केबल सरळ जात नाही. बांधाने वळसा, भिंतीवर चढ-उतार, दोन्ही टोकांना थोडी सैल. एकूण ८० मीटर. डोळ्यांनी अंतर मोजू नका.

मग लोड. दोन एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण लोडवर साधारण १२ अँपिअर घेते. नेमका आकडा मोटरीच्या पाटीवर असतो, तोच धरा. दूध मशीन ७. दिवे, पंखे, चार्जिंग मिळून ३. एकूण २२ अँपिअर.

आता जुन्या दीडच्या वायरवर नुसतं कुट्टी मशीन: ८० गुणिले १२ म्हणजे ९६०. भागिले साडेसदतीस. उत्तर २५ व्होल्टच्या वर. काकांनी मीटर लावून दाखवलं होतं ते हेच: मशीन चालू असताना घरात २१०, गोठ्यात १८३. मोटर १८३ व्होल्टवर रडतखडत चालत होती, जास्त करंट ओढत होती, तापत होती. दोन रिवाइंडिंगचं कारण तेवढंच. मशीन चांगलं होतं, रिवाइंडिंगवालाही.

हे झालं चालू मोटरीचं. सुरू होताना मोटर पाच-सहापट करंट मागते, म्हणजे ६० अँपिअरच्या आसपास. तेवढा त्या बारीक वायरीतून येऊच शकत नाही. येतो ३५ ते ४० आणि मोटरीच्या टोकाला दीडशेच्या आसपास व्होल्ट उरतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो. दोन तृतीयांश व्होल्टेज म्हणजे निम्म्याहून कमी जोर. म्हणून घूं घूं.

आता आगीचं कारण बघा. दीडची तांब्याची वायर पाइपात असेल तर साधारण १५ अँपिअर सुखाने सोसते. अडकलेल्या मोटरीमुळे तिच्यातून ४० जात होते. १६ ची एमसीबी असती तर मिनिटाच्या आत पडली असती, आणि ती पडतच होती. ३२ च्या एमसीबीला मात्र ४० अँपिअर म्हणजे किरकोळ जादा. मानकाप्रमाणे तिने १.४५ पटीला, म्हणजे ४६ अँपिअरला, तासाभरात पडलं तरी चालतं. तोवर टेपचा जॉइंट कशाला थांबतोय?

त्याहून वाईट म्हणजे शॉर्टसर्किट. त्या वायरीच्या गोठ्याकडच्या टोकाला फेज-न्यूट्रल भिडले असते, तरी ८० मीटरच्या बारीक तारेतून शंभर-सव्वाशे अँपिअरच आले असते. सी प्रकारच्या ३२ च्या एमसीबीला झटक्यात पडायला त्याच्या पाच ते दहापट, म्हणजे १६० ते ३२० लागतात. शॉर्ट होऊनही ती काही सेकंद तशीच उभी राहिली असती, आणि तेवढ्यात वायरीचं प्लॅस्टिक वितळलं असतं.

म्हणून क्रम पाठ करा: लोडचे अँपिअर लहान, त्याहून एमसीबी मोठी, त्याहून वायरीची ताकद मोठी. एमसीबी पडते म्हणून मोठी एमसीबी टाकायची नाही. का पडते ते शोधायचं.

कोणती केबल घेतली

२२ अँपिअर आणि ८० मीटर, म्हणजे गुणाकार १७६०. तांबं ४ चौ. मिमी: साडेसतरा व्होल्ट, नापास. तांबं ६: पावणेबारा, जेमतेम काठावर. तांबं १०: सात व्होल्ट, पास. ॲल्युमिनियम १०: पावणेबारा, परत काठावर. ॲल्युमिनियम १६: सव्वासातच्या आसपास, पास.

बघा, १६ चं ॲल्युमिनियम आणि १० चं तांबं जवळपास सारखंच काम करतात. दोन्हींचे दर काढले. तांब्याचा आकडा ऐकून आण्णा उठून गेले. १६ ची दोन कोअर ॲल्युमिनियम आर्मर्ड केबल घेतली. आर्मर्ड अशासाठी की जमिनीतून न्यायची होती, उंदीर-घुशी आहेत आणि बांधावर कुदळ चालते.

काठावरची का घेतली नाही? संध्याकाळी गावातच व्होल्टेज २०५-२१० असतं. आधीच कमी, त्यात काठावरची वायर, म्हणजे परत रडगाणं. शिवाय उद्या गाई वाढल्या, प्रेशर वॉशर आला, तर परत खोदायचं का? चर एकदाच खणतात.

केबल अडीच फूट खोल चरात टाकली. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा, मग माती. उद्या कोणी खणलं तर आधी विटा लागतील. बांधावर दोन ठिकाणी खुणेचे दगड रोवले.

ॲल्युमिनियमची एक गोष्ट लक्षात ठेवा. ते तांब्याच्या तारेला पिळून जोडायचं नाही. दोन धातूंचा जोड ओल लागली की खातो, सैल होतो, तापतो. केबलला ॲल्युमिनियमच्या लग क्रिंप करून बसवल्या, आणि जिथे तांब्याशी गाठ येते तिथे बायमेटल लग. महिन्याने मेन बंद करून काकांनी सगळे स्क्रू परत आवळले. ॲल्युमिनियम दाबाखाली बसतं, त्यामुळे हे एकदा तरी करावंच लागतं.

गोठ्यातला बोर्ड

घराकडच्या टोकाला केबलसाठी ३२ ची एमसीबी. हो, तीच ३२. पण आता मागे १६ चं ॲल्युमिनियम आहे, ते त्याच्या बरंच पुढचं सोसतं. आकडा तोच, पण आधी चूक होता, आता बरोबर आहे.

गोठ्यात, दारातून आत आलं की हाताशी, पाणी उडणार नाही अशा झाकणाचा बोर्ड. त्यात आधी दोन पोलचा आयसोलेटर. आता मेन पाडायला घराकडे हाक मारावी लागत नाही. आई, आण्णा, पोरगी, सगळ्यांना तो खाली ओढून दाखवला आणि त्यांच्याकडून ओढून घेतला. मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. मग वेगवेगळ्या एमसीबी: कुट्टीला १६ ची आणि पुढे ४ चौ. मिमी तांबं, दूध मशीनला १० ची, दिव्यांना ६ ची. कुट्टीच्या मोटरीला ओव्हरलोड असलेला स्टार्टरही लावला. एमसीबी वायर राखते, स्टार्टर मोटर राखतो. दोघांची कामं वेगळी.

अर्थिंग, म्हणजे गाईचा जीव

आधी आमच्या गोठ्यात अर्थिंगच नव्हतं. तीन पिनच्या प्लगची तिसरी पिन शोभेला होती.

गाईला शॉक आपल्यापेक्षा लवकर लागतो. पुढचे आणि मागचे पाय लांब, खूर ओल्या शेणामुतात, आणि तोंड गव्हाणीच्या लोखंडी पाइपला. आपल्याला चपलेमुळे नुसती झिणझिण लागते, तिथे गाय पाय झाडते, पाणी प्यायला तोंड घालत नाही, धार चोरते. जनावर असं वागू लागलं तर डॉक्टरांना जरूर बोलवा, पण त्याआधी वायरमनला बोलवून पाइप तपासून घ्या.

गोठ्याजवळ अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा घेतला. तिथून ८ नंबरची जी.आय. तार घराच्या अर्थिंगला जोडली. केबलचं आर्मर ग्लँड लावून अर्थला घेतलं. गव्हाणीचे पाइप, शेडचे खांब, मशीनच्या बॉड्या, सगळं एकमेकांना आणि अर्थला जोडलं.

मी विचारलं, एवढं अर्थिंग केलं, मग आरसीसीबी कशाला? काकांनी हिशेब दाखवला. समजा, खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. मोटरीच्या बॉडीत फेज उतरला तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. ते बघून १६ ची एमसीबी हलणारसुद्धा नाही. बॉडी जिवंत राहील आणि सगळं चालू राहील. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरला, म्हणजे अँपिअरच्या तेहतिसाव्या हिश्शाला, डोळ्याचं पातं लवायच्या आत पडते. त्यावर टेस्टचं बटण असतं. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला ते दाबतो. दाबून पडली नाही तर ती गेली, बदलायची.

अजून एक. बऱ्याच वस्त्यांवर एकच फेजची तार ओढतात आणि न्यूट्रल म्हणून अर्थिंगचा खड्डा वापरतात. वायर वाचते म्हणतात. मित्रांनो, हे कधीही करू नका. त्यात सगळा लोड जमिनीतून परत जातो, खड्ड्याच्या भोवतालची ओली जमीन जिवंत होते आणि तिच्यावर आपलीच माणसं-जनावरं उभी असतात. गोठ्याच्या बोर्डातही न्यूट्रलची पट्टी वेगळी आणि अर्थची वेगळी. दोघांची गाठ मारायची नाही.

घरच्या मीटरचा मंजूर भारही वाढवून घेतला. अर्ज केला, कागद दिले, झालं. तुमच्याकडे गोठा कोणत्या मीटरवर घ्यायचा ते कार्यालयात विचारून घ्या.

आता कसं आहे

परवा संध्याकाळी परत मोजलं. कुट्टी चालू असताना घरात २१०, गोठ्यात २०६. बटण दाबलं की मोटर एका दमात फिरते. पट्ट्याला हात लावावा लागत नाही. आण्णा पहिले दोन दिवस सवयीने पट्ट्याजवळ जाऊन उभे राहिले, तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन बसले. त्यानंतर मोटर एकदाही गरम झाली नाही.

खर्च झाला, नाही म्हणत नाही. पण दोन रिवाइंडिंग, बुडालेले दिवस आणि जळालेला कडबा धरला तर केबलचा बराच भाग मी आधीच भरला होता. फक्त केबल मिळाली नव्हती.

मी शेतकरी आहे, वायरमन नाही. जोडणी परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. पण अंतर मोजायला, मोटरीच्या पाटीवरचे अँपिअर वाचायला आणि एक गुणाकार-भागाकार करायला परवाना लागत नाही. वायरमनला बोलवायच्या आधी तो कागद तयार ठेवा. आणि मशीन चालू असताना त्याच्याकडून दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजून घ्या. फरक बारा व्होल्टच्या वर निघाला तर नवीन मशीन, नवीन मोटर बघू नका. आधी वायर बघा.

जुनी ३२ ची एमसीबी मी फेकली नाही. गोठ्याच्या बोर्डाशेजारी खिळ्याला टांगली आहे. पोरगी येता-जाता विचारते, “बाबा, ही का लटकवली?” तिला सगळं माहीत आहे, तरी विचारते. मी दरवेळी सांगतो.